गावातला जुना वाडा राज्य संरक्षित करायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

चौसोपी (प्रश्न):
सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दोन चौकांचा वाडा आहे. जोत्यापर्यंत घडीव दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, आतल्या सोप्याचे नक्षीदार सागवानी खांब आणि महिरपी अजून शाबूत. मिळकत गावठाणात, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नऊ सहहिस्सेदारांची सामाईक नोंद. दोघांनी खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलंय, बाकी सात जणांना वाडा राखायचाय. अर्ज कोणाकडे करायचा? नऊ जणांच्याही सह्या लागतात का? शिवाय शेजारी म्हणतात, स्मारक झालं की १०० मीटरमध्ये वीट रचता येणार नाही. खरं आहे का?

दप्तरदार:
आधी शेजाऱ्यांची भीती घालवा, कारण हरकती तिथूनच येतात. १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित (म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम), हा नियम १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली आला. तो राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपुरता आहे. तुमचं प्रकरण जाईल राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियमाखाली.

अर्ज पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागाच्या सहायक संचालकांकडे. स्थळपाहणी होते, प्रस्ताव संचालनालयामार्फत शासनाकडे जातो, मग राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते आणि तिची प्रत वाड्यावर डकवतात. हरकतींना दोन महिने. त्या ऐकून झाल्या की अंतिम अधिसूचना. नऊ सह्यांची अट कायद्यात नाही, पण घरातूनच हरकत आली तर प्रकरण रेंगाळतं. म्हणून सात जणांचं संमतिपत्र पहिल्याच अर्जाला जोडा.

संरक्षित म्हणजे सरकारजमा नव्हे. मालकी तुमचीच राहते. देखभाल कोणी करायची, लोकांना कुठवर प्रवेश, विकायचं झालं तर शासनाला आधी कळवायचं, हे सगळं करारात ठरतं. घोषणा झाली की दुरुस्तीचा निधी आपोआप येतो, असं मात्र कोणी समजू नये.

आणखी एक. राज्याच्या यादीतली घरं पाहा: पुण्याचा फुले वाडा, रत्नागिरीचं टिळक जन्मस्थान, तिथलाच १९१० चा थिबा राजवाडा. कुठे माणसाचं नाव, कुठे वास्तूचं वेगळेपण. ‘फार जुना आहे’ एवढ्यावर प्रस्ताव उभा राहत नाही. या वाड्यात असं काय आहे जे तालुक्यात दुसरीकडे उरलेलं नाही, ते पहिल्या पानावर यायला हवं.

दिवाणी_दावा:
वरचं सगळं बरोबर, पण प्राथमिक अधिसूचना निघेपर्यंत वाड्याला कसलंही कवच नाही. ट्रक एका रात्रीत येतो. त्यामुळे दिवाणी न्यायालय आधी.

वाटपाचा दावा लावा आणि त्यातच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागा. मिळकतीच्या वर्णनात नुसतं ‘घर’ लिहू नका. ‘खांब, तुळया, महिरपी, दारं-चौकटी यांसह’ असं लिहा आणि खांबांची संख्याही द्या. नाहीतर भिंती जागेवर राहतात आणि लाकूड जातं. आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर (न्यायालयातर्फे जागेची पाहणी करून अहवाल देणारा) नेमून घ्या. आज काय जागेवर आहे याचा पुरावा तोच. दाव्याची लिस पेंडन्स (दावा प्रलंबित असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

कोणी आपला हिस्साच त्रयस्थाला विकला तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्याला सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटप मागितलं, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ ने तुम्ही तो हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीला घेऊ शकता.

व्यापाऱ्यालाही लेखी नोटीस द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही येते, ती १०० वर्षांची असली की. मग तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. एवढं कळलं की बरेच जण मागे फिरतात.

तळखडा:
प्रस्तावाच्या कागदांबद्दल. मोजमापाचे नकाशे १:१०० ला चालतात, पण खांब, महिरप, दिंडी दरवाजा यांचे तपशील १:२० ला काढा. प्रत्येक खणाला (दोन खांबांमधल्या गाळ्याला) क्रमांक द्या आणि फोटोखाली तोच क्रमांक टाका. वयासाठी ‘अंदाजे २०० वर्षे’ हा पुरावा होत नाही. घरात मोडी कागद असतील तर लिप्यंतर करून घ्या. पुणे पुराभिलेखागारात त्या गावाचे इनामाचे कागदही पाहा. चतुःसीमा चुकवू नका. अधिसूचनेत जे क्षेत्र लिहिलं जाईल तेवढंच संरक्षित. मागची विहीर, पागा, बाहेरचं जोतं राहून गेलं तर ते उघडंच राहतं.

विरोधी हिस्सेदार ‘इमारत धोकादायक’ असा दाखला आणू शकतात. त्याआधी जुन्या लाकडी बांधकामाची समज असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल करून ठेवा.

चौसोपी:
आभार. मागच्या चौकात खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा झालाय. त्याने प्रस्ताव पडेल का?

तळखडा:
तेवढ्याने पडणार नाही, पण भिंतीसाठी ते वाईट. मातीच्या भिंतीतली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही. ती वर चढते आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक कुजवते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, म्हणून भिंतीला लागून असलेल्या भागात टोचा खुपसून बघा. सहज बोटभर आत गेला तर ते टोक गेलेलं आहे. लगेच खालून टेकू द्या, तुळई बदलू नका. कुजलेला तुकडा कापून तिथे जुन्याच सागाचा जोड देता येतो.

गिलावा घाईने फोडू नका, मातीही सोबत येते. पाहणी होईपर्यंत कौलं परतून घ्या आणि पन्हळी साफ ठेवा. पुढे गिलावा करायची वेळ आली तर मुरवलेल्या चुन्याचा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. या कामांआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो प्रस्तावाला जोडा.