दुबईला लेकीकडे अनारसे न्यायचेत, खसखशीचं काय करू?

मालू, सांगली:
लेक बाळंत झालीय, दिवाळीला तिच्याकडे चाललेय. तांदूळ तीन दिवस भिजवून, गूळ घालून पीठ मुरत ठेवलंय. शेजारचे म्हणतात, खसखस नेलीत तर तुरुंगात टाकतील. अहो, वाण्याकडची साधी खसखस! अनारशाला चिकटलेली चिमूटभर, तीही तळलेली. खरंच धरतात का?

शारजाकर:
मावशी, नेऊच नका. मी 11 वर्षं इथे आहे. खसखशीला इथे बंदी आहे, अनारशावरची असली तरी. खसखस म्हणजे अफूचं बी. दाण्यात नशा नसते, पण अफूच्या बोंडाचा चीक त्याला लागतो आणि त्या चिकात मॉर्फिन हे नशेचं द्रव्य असतं. इथला कायदा 'एवढंसंच आहे' म्हणून सोडत नाही. 2007 साली दुबई विमानतळावर एका ब्रिटिश प्रवाशाच्या बुटाला चिकटलेला 0.003 ग्रॅम गांजा सापडला. चिमूटभरही नाही! चार वर्षांची शिक्षा झाली, नंतर माफी मिळून सुटला. पुढे कायदा थोडा सैल झाला, पण त्या भरवशावर खसखस घेऊन बाळंतिणीच्या आईने विमानात बसू नये. सिंगापूरलाही खसखस चालत नाही.

वकील, कोल्हापूर:
आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बी वगळलंय, म्हणून वाणी ती उघड विकतो. बाकी बाबतीत आपणही कडकच आहोत. हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत 'अल्प मात्रा'. शिक्षा कमी, पण गुन्हा आहेच. त्यात 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भेसळीसकट सगळ्या पुडीचं वजन धरायचं. म्हणजे अंश नावालाच असला तरी मोजायचं मिश्रणाचं वजन. माझ्या मते हे फार अन्यायाचं आहे. एका पुडीत हेरॉइन किती आणि पीठ किती, हे विकत घेणाऱ्या पोराला काय माहीत? खरं वजन त्या अंशाचं धरायला हवं.
ताई, अनारसे तिळावर थापा. आणि बॅग आधी झटका.

मालू, सांगली:
झटकली हो. मागच्या महिन्यात याच बॅगेतून बाजार आणला होता. अस्तराच्या शिवणीत नख फिरवलं तर करडे दाणे निघाले, सात-आठ. बॅग धाकट्याला दिली, नवी आणतेय. तीळ भाजून ठेवलेत.