वस्तीलगत ४०० घरांचा प्रस्ताव: हरकतीत नेमके काय मांडायचे?

कुंपणकाठ (प्रश्न)
आमच्या वस्तीला लागून ५ हेक्टर शेतजमीन आहे. ती रहिवासी विभागात घेऊन ४०० घरे बांधायचा प्रस्ताव आहे. हरकती-सूचनांची मुदत सुरू झाली आहे. मुख्य तक्रारी तीन: उताराखाली आधीच पाणी तुंबते, चौकात कोंडी होते, उन्हाळ्यात नळाला दाब नसतो. सह्यांची मोहीम चालू आहे. सुनावणीत टिकेल अशी हरकत कशी लिहायची?

नकाशावाचक
विभागबदल आहे म्हणजे ‘इथे घरे असावीत का’ हा प्रश्न अजून खुला आहे. बदल मंजूर झाला की पुढे फक्त इमारतींची उंची, अंतरे, रस्ता कुठून एवढ्यावरच बोलता येते. लोक सहसा बांधकाम परवानगीच्या वेळी जागे होतात, तोवर मूळ निर्णय होऊन गेलेला असतो.

४०० या आकड्यावर विसंबू नका. विभाग बदलला की त्या विभागाच्या नियमांत बसेल तेवढे बांधता येते. ४०० ची अट मंजुरीतच लिहिलेली नसेल, तर नंतर सुधारित नकाशात ६०० येऊ शकतात. म्हणून सगळा हिशेब कमाल चटई क्षेत्रावर, म्हणजे नियमांत बसेल तेवढ्या सर्व मजल्यांच्या एकूण बांधकामावर मागा.

घनताही तपासा. ४०० भागिले ५ म्हणजे हेक्टरी ८० घरे, वाचायला सौम्य. त्यातले दीड हेक्टर रस्ते आणि मोकळ्या जागेला गेले, तर उरलेल्या साडेतीनवर हेक्टरी ११४ होतात. शेजाऱ्याला जाणवते ती ही दुसरी घनता.

सह्या गोळा करा, पण छापील मजकुराची शंभर पत्रे बहुधा एकच हरकत धरली जातात. त्यापेक्षा पाच वेगळ्या मुद्द्यांची पाच पत्रे भारी पडतात. घरांच्या किमती उतरतील, नजारा जाईल, ‘बाहेरचे लोक’ येतील, हे मुद्दे गाळा. शेवटचा तर लाजिरवाणाच आहे.

पाणलोट
तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तुंबणाऱ्या पाण्याचा, कारण तो मोजता येतो. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. ५ हेक्टरवर तासाला ६० मिमी कोसळला तर ३,००० घनमीटर. शेतातून त्यातले २५ टक्के वाहून जाते असे धरू (माती आणि उतारानुसार कमी-जास्त), म्हणजे ७५०. छप्पर, डांबर, फरशी आल्यावर ७० टक्के धरले तर २,१००. वाढीव १,३५० घनमीटर त्यांच्या आवारातच अडवले पाहिजे. दीड मीटर खोलीचा साठवण तलाव धरला तर त्याला ९०० चौ.मी. जागा लागते. ती नकाशात दाखवलेली आहे का, एवढेच विचारा. पुष्कळदा ‘बाग’ म्हणून रंगवलेला तुकडाच तलाव म्हणूनही मोजलेला असतो.

तलावाचे निर्गम तोंड (पाणी बाहेर सोडणारे) किती रुंद हेही बघा. ते मोठे ठेवले तर पाणी थांबतच नाही. गाळ कोण काढणार हे ठरलेले नसेल तर साठवण वर्षागणिक घटत जाते.

आणि भराव! जागा अर्धा-पाऊण मीटर उचलली की वरून येणारे पाणी वळून शेजारी शिरते. म्हणून सध्याच्या आणि भरावानंतरच्या, दोन्ही पातळ्या दाखवणारा समोच्च नकाशा (सारख्या उंचीच्या रेषांचा) मागा.

नळाचे: ४०० घरे, घरटी ४ माणसे, दरडोई १३५ लिटर, म्हणजे रोज २,१६,००० लिटर. पाणी ‘उपलब्ध’ आहे असे पत्र जोडलेले असेल. त्यात स्रोताची क्षमता असते. दाब कमी पडतो तो जलवाहिनीच्या व्यासामुळे किंवा टाकीच्या उंचीमुळे. गर्दीच्या वेळी शेवटच्या टोकाला किती दाब राहील, याची गणना मागा. सांडपाणी या पाण्याच्या साधारण ८० टक्के धरतात.

चौकमोजणी
वाहतूक अहवालात आधी गणनेची तारीख पाहा. शाळांच्या सुट्टीतली किंवा दुपारची गणना बाद ठरवायला सांगा. मग आधीच मंजूर झालेले, पण अजून राहायला न आलेले प्रकल्प त्यात धरलेत का ते तपासा. एकेकटा प्रकल्प नेहमीच ‘नगण्य’ दिसतो. गर्दीच्या तासात घरामागे अर्धे वाहन धरले तरी २०० वाहने वाढतात. चौक क्षमतेच्या ८५ टक्क्यांपुढे गेला की रांगा वाहनसंख्येच्या प्रमाणाबाहेर लांबतात. त्यामुळे ८० वरून ९५ वर जाणे कागदावर किरकोळ, रस्त्यावर नाही.

सरसकट विरोधाशी मात्र असहमत. इथली घरे अडवली तर ती आणखी लांब, बससेवा नसलेल्या जागी जातात आणि तीच वाहने याच चौकातून येतात.

कुंपणकाठ
मग अटी घालूनच मंजुरी मागू. पण अट पाळली जाईल याची खात्री काय?

नकाशावाचक
शब्दरचनेवर अवलंबून. ‘पावसाळी पाण्याची योग्य व्यवस्था करावी’ ही अट कोणीही पाळल्याचे दाखवू शकतो. अशी मागा: ‘१,३५० घनमीटरचा तलाव पूर्ण होऊन त्याची तपासणी झाल्याशिवाय पहिल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) देऊ नये.’ अडवणूक पहिल्या इमारतीलाच हवी; शेवटच्या इमारतीवर ठेवली तर तोवर लोक राहायला आलेले असतात आणि त्यांना कोणी बाहेर काढत नाही. जलवाहिनी आणि चौकाचे काम असेच टप्प्याला बांधा.

हरकत मुदतीत द्या, पोच घ्या, सुनावणीत तोंडी बोललेले लेखीही जोडा. इतिवृत्तात मुद्दा आला नसेल तर लगेच पत्राने कळवा.