एक्स८७०ई खरोखरच हवा का?
एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड एक्स८७०ई या महागड्या चिपसेटचाच (बोर्डावरच्या नियंत्रक चिपांचा) हवा, हे मत मला पटत नाही. या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे तो किती तापेल याचा ढोबळ आकडा, १२० वॅट आहे. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) असलेला, त्याहून स्वस्त बी८५० चिपसेटचा चांगला बोर्ड मुंबईच्या मे महिन्यातही तो सहज पेलतो, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालता येतात. मात्र लॅमिंग्टन रोडवर (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जुन्या साठ्यातला, आधीच्या पिढीचा बी६५० बोर्ड स्वस्तात मिळत असेल, तर पाठीमागे बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे बोर्ड सुरू करणारी प्रणाली (बायोस) प्रोसेसर चालत नसतानाही अद्ययावत करण्याचे, इवलेसे बटण आहे ना, हे खोके उघडून पाहावे, कारण प्रोसेसर २०२४ चा असल्याने जुन्या बायोसवर पडदा काळाच राहतो. (मी पाहिले नव्हते, बोर्ड पुन्हा दुकानात न्यावा लागला.) रॅमच्या चार पट्ट्यांनी डीडीआर५ चा (या बोर्डांवरच्या रॅमचा) वेग घटतो, म्हणून दोनच घ्याव्यात.