‘अपिलात स्थगिती’ की ‘अपिलाला स्थगिती’?

पेटंटवरचा एक मजकूर मराठीत आणतेय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकलेय. अमेरिकेत असं होतं की पेटंटवाला कोर्टात जिंकतो, हरलेला फेडरल सर्किटकडे, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाकडे, अपिलात जातो, आणि त्याच वेळी हे पेटंट मुळात द्यायलाच नको होतं म्हणून पेटंट ऑफिसच्या बोर्डापुढेही प्रकरण चालू असतं, मग अर्ज येतो की तिकडचा निकाल लागेपर्यंत इकडचं अपील थांबवा. हा स्टेच. मी ‘अपिलात स्थगिती मिळाली’ लिहिलं, तर वाचणारीने विचारलं, म्हणजे आता पैसे भरायला नकोत का?

प्रतिसाद १
तिचं बरोबर आहे. ‘अपिलात स्थगिती’ म्हटलं की आपल्याला खालच्या निकालाची अंमलबजावणी थांबली असंच कळतं. तुमच्याकडे थांबलंय ते खुद्द अपील, आणि अपील थांबलं म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, ती स्थगिती वेगळी मागावी लागते. निदान ‘अपिलाला स्थगिती’ करा, ‘त’ आणि ‘ला’ मध्ये इथे सगळा अर्थ फिरतो.

प्रतिसाद २
‘अपील तहकूब’ का नको?

प्रतिसाद १
तहकुबीला बहुतेक पुढची तारीख असते हो. इथे तारीख नसते, घटना असते. बोर्डाने फेरतपासणी सुरू केली की १ वर्षात निकाल द्यायचा, सबळ कारण असेल तर आणखी ६ महिने, पण त्या निकालावरही परत अपील होतं, ते फेडरल सर्किटकडेच. म्हणून ‘अमुक होईपर्यंत’ हे वाक्यात आलंच पाहिजे.

प्रतिसाद ३
दोन गोष्टी माझ्याही. ‘पेटंट ऑफिसची कारवाई’ कृपया लिहू नका, कारवाई म्हटलं की कुणावर तरी बडगा उगारल्यासारखं वाटतं, इथे ‘कार्यवाही’च. आणि ‘दावा’ तर फार घोळ घालतो, कारण कोर्टातला खटलाही दावा आणि पेटंटमधला क्लेमही, म्हणजे शोधाच्या नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारं कलम, दावाच. ‘दावे रद्द झाले’ वाचून काय समजायचं? मी सरळ ‘क्लेम’ लिहितो.

आणि हा शब्द नीट ठरायलाच हवा, त्यावर फार पैसा अडकलेला असतो. व्हर्नेटएक्स या पेटंटवाल्या कंपनीचं प्रकरण घ्या, ऑक्टोबर २०२० मध्ये टेक्सासच्या ज्युरीने अॅपलला ५० कोटी २८ लाख डॉलर भरायला सांगितले, पण त्या पेटंटांचे क्लेम बोर्डाने टिकू दिले नव्हते, मार्च २०२३ मध्ये फेडरल सर्किटने बोर्डाचा निकाल कायम केला आणि त्यापाठोपाठ ती सगळी रक्कम गेली. कुठलं प्रकरण आधी संपतं यावर असं सगळं ठरतं, म्हणून तर एक थांबवा म्हणून एवढी धडपड.

मूळ प्रश्नकर्ती
‘कारवाई’ चार ठिकाणी निघाली, बदलली. ‘अपिलाची सुनावणी थांबवली’ लिहून पाहिलं, पण सुनावणीच नाही, लेखी म्हणणं दाखल करणंही थांबतं, म्हणून आता असं ठेवलंय: ‘पेटंट ऑफिसातल्या कार्यवाहीचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने अपिलाचं कामकाज थांबवून ठेवलं.’ ‘स्थगिती’ फक्त निकालाच्या अंमलबजावणीसाठी राखून ठेवली. आता तीच वाचणारी म्हणाली, हां, म्हणजे निकाल आहे तसाच, फक्त अपील पुढे सरकत नाहीये.