जबड्याचं ऑपरेशन झाल्यावर ठणका आणि औषधं : आपले अनुभव लिहा

सुदामा नगर, मुलीची आई

फेब्रुवारीत माझ्या धाकटीचं जबड्याचं ऑपरेशन झालं. वय 21. खालचा जबडा पुढे होता, पुढच्या दातांनी पोळीचा घाससुद्धा तुटत नसे. दीड वर्ष दातांना तारा लावल्या, मग वरचा आणि खालचा दोन्ही जबडे कापून, सरकवून टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रूंनी बसवले. सगळे छेद तोंडाच्या आतून, बाहेर ओरखडाही नाही. ऑपरेशन कसं होणार ते डॉक्टरांनी छान समजावलं होतं. घरी गेल्यावर औषध पोटात जाणार कसं, हे मात्र कोणी बोललं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ. पिशवीत सहा प्रकारच्या गोळ्या. पोरीचे वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले, फटीतून गोळी जाणं शक्यच नाही. मी अँटिबायोटिकची गोळी खलबत्त्यात कुटली, चमच्यात पाणी घालून दातांवर सोडली. तो कडू चोथा तारांत आणि रबरांत अडकून बसला. तिला थुंकताही येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि औषधाचा ओघळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला तरी तिला पत्ता नाही, कारण ओठ आणि हनुवटी पूर्ण बधिर होती. मी टॉवेलनं पुसत होते आणि माझेच हात थरथरत होते.

शेवटी गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानातल्या दादांनी एकेक हातात घेऊन पाहिली. ही कुटायची नाही, हिच्यावरचं आवरण पोटात पुढे जाऊन विरघळतं. ही कुटली तर चालेल. हिचं सिरप मिळतं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी बहुतेक औषधं पातळ करून दिली. पाच मिनिटांचं काम होतं, आदल्या दिवशी झालं असतं तर त्या पोरीची ती रात्र वाचली असती.

आम्हाला उपयोगी पडलं ते सांगते. सुई नसलेली 10 मिलीची सिरिंज घ्या, पुढे दोन इंच मऊ नळी लावा आणि ती गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागे न्या. तिथे फट असते. थोडं थोडं सोडायचं, एकदम नाही. औषधानंतर त्याच सिरिंजनं साधं पाणी. अँटिबायोटिकचं सिरप पावडरच्या रूपात मिळतं, त्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि बाटली तिच्यावर लिहिलंय तशी ठेवायची, आमची फ्रीजमध्ये होती. आमच्या बाटलीवर सात दिवसांत संपवा असं होतं. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचंही मिळतं आणि 250 चंही, म्हणून बाटली बदलली की हिशोब पुन्हा करा.

आणि एक वही. वेळ, औषध, किती मिली. पहिले चार दिवस आम्ही घड्याळ लावून दिलं, रात्री दोनलाही उठून. एकदा ती गाढ झोपली म्हणून मी उठवलं नाही. पहाटे साडेचारला कण्हत उठली आणि औषध दिल्यावर तासभर मुठी आवळून बसली होती. ठणका चढल्यावर त्याच्यामागे धावण्यात फार हाल होतात.

आपल्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर लिहा. कोणतं औषध सोसलं नाही, झोप कशी लागली, ठणका कधी उतरला. पुढच्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाचं ऑपरेशन आहे, त्याच्या आईला हे सगळं वाचायला देणार आहे.

वैशाली नगर, वय 34

ताई, माझं ऑपरेशन हौसेचं नव्हे. रिंग रोडवर गाडी घसरली, खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पट्ट्या बसवून वर चार आठवडे तारांनी तोंड बंद. पहिल्या दोन रात्री ट्रॅमाडॉल होतं. ठणका थांबला, पण डोकं गरगरून राहिलं होतं आणि पोटात ढवळून येत होतं. तोंड बांधलेल्या माणसाला उलटीची भीती काय असते ते ज्याला झालं त्यालाच कळतं. तार कापायची कात्री उशाशी होती, बायकोला कुठली तार आधी कापायची ते दाखवून ठेवलं होतं. उलटी झालीच तर पुढे वाकून, मान खाली घालून बसायचं, दातांच्या फटीतून सगळं बाहेर येतं. माझं तसंच झालं, कात्री लागली नाही. सकाळी डॉक्टरांनी ते औषध बंद करून दुसरं दिलं, सोबत मळमळीचंही.

बद्धकोष्ठाबद्दल कोणी बोलत नाही, पण ट्रॅमाडॉलनं आणि नुसत्या पातळ खाण्यानं चार दिवस पोट साफ झालं नाही. लाजू नका, पहिल्याच दिवशी विचारा.

राजेंद्र नगर, 26 वर्षं औषधांच्या दुकानात

सुदामा नगरच्या ताई, आपण पट्ट्या घेऊन दुकानात गेलात हे फार बरं केलंत. नावापुढे एसआर असं असेल तर ती गोळी हळूहळू सुटणारी असते. कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगावर येतं. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधले बारीक मणीही चुरडायचे नसतात.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. दुखण्याच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. ॲसिक्लोफिनॅकबरोबर, आयब्युप्रोफेनबरोबर, ट्रॅमाडॉलबरोबरही. घरचे लोक ती गोळी देतात, आणि ताप वाटला म्हणून वरून पॅरासिटामॉलची 650 मिलिग्रॅमची वेगळी. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये. वजन कमी असेल, लिव्हर नाजूक असेल, दारूची सवय असेल, तर मर्यादा त्याहून खाली, ती डॉक्टर ठरवतील. जबड्याच्या पेशंटचं दोन आठवड्यांत वजन उतरतं आणि पोटात धड अन्नही नसतं. म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किडनीचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल, तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या वाटेला आपल्या मनानं जाऊ नका. शेजाऱ्यांना लागू पडलं म्हणून तर नाहीच.

तिलक नगर

माझं वय 61, बीपी आहे. पाण्यात फसफसून विरघळणारी पॅरासिटामॉल सोयीची म्हणून घेत होते. त्यात सोडियम बरंच असतं हे चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. बीपीवाल्यांनी विचारून घ्या.

खंडवा रोड, वय 23

काकू, मी तुमच्या लेकीच्याच वयाची, ऑपरेशनही तेच. माझा ठणका पाचव्या दिवशी बराच उतरला. सूज मात्र तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, आरशात पाहून रडले. तीन उशा लावून, अर्धी बसून झोपायचे. सपाट झोपलं की चेहरा टरटरायचा. बर्फ पहिले दोन दिवस, वीस मिनिटं लावायचा आणि वीस मिनिटं काढायचा, तोही सुती कपड्यात गुंडाळून. मैत्रिणीनं प्रेमानं थेट पिशवी धरली आणि मला गार लागत नाही म्हणून तशीच राहू दिली. कातडी लाल होऊन सोलली. बधिर जागा तक्रार करत नाही, म्हणून सूपसुद्धा आधी मनगटावर टाकून बघायचं.

मला खरं सांगायचंय ते पाचव्या आठवड्याचं. सगळं ठीक असताना हनुवटीत वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. एका सेकंदाची कळ, मग मुंग्या, मग पुन्हा. आयब्युप्रोफेनचा काही उपयोग नाही. मला वाटलं जबड्यातली पट्टी हलली. डॉक्टर म्हणाले, नस जागी होऊन राहिली आहे, हे चांगलं लक्षण आहे. रात्रीसाठी नसांचं वेगळं औषध दिलं, त्यानं झोप लागली. सकाळी गुंगी राहायची, म्हणून तेवढे दिवस स्कूटी चालवली नाही. आता आठ महिने झालेत, खालच्या ओठाची डावी बाजू अजून थोडी जड आहे.

लोकमान्य नगर

माझ्या पत्नीचा ठणका सहाव्या दिवशी जवळजवळ गेला होता. नवव्या दिवशी परत सुरू झाला, एकाच बाजूला, आणि तोंडाला घाण चव. आम्ही दोन दिवस दुखण्याचं औषध वाढवून काढले. अकराव्या दिवशी ताप आला. टाक्यांच्या आत पू झाला होता, तो काढावा लागला, अँटिबायोटिक बदललं. कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं तर सिरप वाढवू नका, त्याच दिवशी दाखवा. ते दोन दिवस मी स्वतःला अजून माफ केलेले नाहीत.

वैशाली नगर, वय 34

दादा, असं मनाला लावून घेऊ नका. आम्हाला घरी कोणी सांगितलेलंच नसतं. ताई, लेकीची औषधं कधी बंद झाली?

सुदामा नगर, मुलीची आई

सगळ्यांचं वाचलं, लोकमान्य नगरच्या दादांचं लेकीलाही वाचून दाखवलं. तिचं अँटिबायोटिक सातव्या दिवशी संपलं. दुखण्याचं दहाव्या दिवसापासून फक्त रात्री, तेही डॉक्टरांना विचारून. मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, सातू दुधात कालवून, टोमॅटोचं सार, यावर सहा आठवडे काढले. मग एक्स-रे पाहून मऊ खायला परवानगी मिळाली, तर म्हणाली पोहेच हवेत. सेव न घालता, पाण्याचा हबका मारून दोनदा वाफवले. एक वाटी संपवायला पस्तीस मिनिटं लागली.

वही अजून फ्रीजवर आहे. शेवटची ओळ तिच्या अक्षरात आहे, सतरावा दिवस, रात्री 10 : पॅरासिटामॉल घेतलं नाही, झोपते.