‘लिव्हरी’ला मराठीत काय म्हणावे? रंगसंगती, वर्दी की बाणा?

प्रश्न : लोकल, मेट्रो, ट्राम यांच्या ‘लिव्हरी’साठी, म्हणजे गाडीच्या ठरलेल्या रंगवेशासाठी, सगळीकडे ‘रंगसंगती’ लिहिलेले दिसते. ते पुरेसे आहे का? आणि ‘हेरिटेज कलर’ म्हणजे ‘वारसा रंग’ की नुसता ‘जुना रंग’?

पासधारक : रंगसंगती साडी-पोलक्याचीही असते. लिव्हरी हा शब्द फ्रेंच ‘लिव्रे’वरून आला, अर्थ ‘दिलेले’. सरदार पदरच्या माणसांना ओळखीचा पोशाख देई, तो. म्हणजे त्यात मालकी आणि ओळख दोन्ही आहे. मराठीत यासाठी ‘बाणा’, म्हणजे ओळखीचा वेश, हा शब्द आयता आहे. ‘मुंबई लोकलचा पिवळा-चॉकलेटी बाणा जाऊन 2007 पासून पांढरा-जांभळा आला’ हे वाक्य कुठेही अडत नाही. ‘वर्दी’ मला नको, कारण वर्दी देणे म्हणजे खबर देणे.

शब्दवेडा : बाणा मान्य. पण पहिल्या वर्गाचे लाल-पिवळे तिरके पट्टे आणि महिलांच्या डब्याचे हिरवे-पिवळे पट्टे बाण्यात धरू नयेत. ती ‘खूण’ आहे. बाणा बदलला तरी खूण बदलून चालत नाही, नाहीतर गर्दीत प्रवासी चुकीच्या दारापाशी धावतील.

कारशेड : कामावरचे शब्दही नोंदवा. प्राइमर म्हणजे अस्तर, पुट्टी म्हणजे लांबी, कोट म्हणजे हात. ‘अस्तराचा एक हात, रंगाचे दोन हात’ असेच बोलतात. पट्ट्यासाठी फिकट रंग आधी, गडद नंतर. टेप लावली की तिची कड आधी खालच्याच रंगाने बंद करायची आणि मग गडद रंग मारायचा. ही पायरी गाळली की गडद रंग टेपखाली पाझरतो आणि कड करवतीसारखी दिसते. रंग हाताला चिकटेनासा झाला, पण पुरता कडक झालेला नाही, तेव्हाच टेप मागे दुमडून काढायची. उशीर झाला तर कडेचा पापुद्रा टेपबरोबर येतो.

‘फोड’ आणि ‘पापुद्रा’ यांत गल्लत करू नये, कारणे वेगळी आहेत. पॉलियुरेथेन रंगाचा हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टाचणीएवढे फोड येतात. म्हणून पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन बसतो) निदान 3 अंश वर हवे. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये हे साधत नाही. पापुद्रा मात्र पकड नसल्याने निघतो. स्टेनलेस स्टील गुळगुळीत असते, ते घासून खरखरीत केले नाही तर रंग सालीसारखा सुटतो. फिकट डब्यावरचे तांबूस ठिपके हा तिसरा प्रकार. ती ब्रेकची लोहधूळ असते, रंगात रुतून गंजलेली. खालचा भाग गडद ठेवण्याचा फायदा इथेच कळतो.

पासधारक : मग ‘हेरिटेज’चे काय?

शब्दवेडा : दोन अर्थ वेगळे करावेत. गाडीला तिचाच पूर्वीचा रंग परत दिला तर ‘मूळ बाणा’. सॅन फ्रान्सिस्कोच्या एफ मार्गावर (1 सप्टेंबर 1995 पासून) फिलाडेल्फियाहून आणलेल्या ट्राम सिनसिनाटी, बोस्टन, शिकागो अशा शहरांच्या रंगांत धावतात. 1057 क्रमांकाची गाडी सिनसिनाटीच्या पिवळ्या रंगात आहे. तो तिचा वारसा नाही, म्हणून ‘मानाचा बाणा’ म्हणावे. ‘वारसा रंग’ दोन्हींना लावला की हा फरक पुसला जातो.

कारशेड : मूळ बाणा म्हणायचा तर रंग पुराव्याने ठरवा. उन्हातल्या पत्र्यावरून छटा घेऊ नका, ती भुरकट पडलेली असते. पाटीखालची किंवा पट्टीच्या स्क्रूखालची जागा निवडा. पाण्याच्या पॉलिश पेपरने थर तिरके घासले की झाडाच्या वलयांसारखे एकेक रंग उघडे पडतात. जुने वार्निश पिवळे पडते, त्यामुळे मलईरंग खऱ्यापेक्षा गडद भासतो; वार्निश उतरवूनच जुळवा. आणि ‘चॉकलेटी’ एवढेच लिहून थांबू नका. आयएस 5 या भारतीय मानकाच्या रंगयादीमध्ये गडद तपकिरी 412, सोनेरी पिवळा 356. नाव आणि क्रमांक दोन्ही लिहा, म्हणजे दुसऱ्या शेडमध्येही तोच डबा उघडला जाईल.