मदत हवी आहे: संगीतासाठी खेळावा असा मेट्रॉइडव्हेनिया

'हॉलो नाइट' (2017) आणि 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट' (2015) हे दोन्ही मेट्रॉइडव्हेनिया (म्हणजे नव्या क्षमता मिळतील तसा एकच मोठा नकाशा खुला होत जाणारे व्हिडिओ गेम) पूर्ण केलेत. नकाशा हळूहळू उलगडत जाणं आवडतंच, पण मला खरं धरून ठेवलं ते संगीताने. 'हॉलो नाइट'मधल्या सिटी ऑफ टिअर्स या भागात तर पाऊस आणि ती धून ऐकत नुसतं उभं राहावंसं वाटतं! 'सेलेस्ट'ही खेळून झाला. संगीत अप्रतिम, पण तो टप्प्याटप्प्यांचा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम), मोकळं भटकणं त्यात नाही.

लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, कंट्रोलर आहे. अवघड बॉस (मोठे, ताकदवान शत्रू) चालतील. मेल्यावर सगळं पहिल्यापासून खेळायला लावणारे रोगलाइक नकोत. प्रत्येक भागाची धून वेगळी आणि लक्षात राहील, असा यानंतर कोणता गेम घेऊ?